सतरा वाद्यं, चार माईक

बिग बँड म्हटला की साधारण सतरा माणसं आली: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रम्बोन आणि साथीला पियानो, गिटार, डबल बास, ड्रम्स. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे सी. रामचंद्र यांचा १९५१चा ‘अलबेला’. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो.

स्टुडिओत अशा बँडसाठी माईकची रांगच लागते. इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या हौशी बँडकडे मात्र हातात मावणारा एक रेकॉर्डर, त्यावरचेच दोन माईक, उसने आणलेले आणखी दोन आणि एक उंच स्टँड, एवढाच संसार होता.

तरीही यंदा रेकॉर्डिंग करायचंच होतं. बँडच्या संचालकांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे आणि उन्हाळ्यातल्या कार्यक्रमानंतर ते थांबणार होते. त्यांनी हाताने लिहिलेल्या वाद्यरचनांनी कपाट भरलं होतं, पण त्या वाजताना कशा वाटतात याची नोंद म्हणजे मोबाईलवरच्या फाटक्या क्लिपा. कार्यक्रम एकच, पुन्हा वाजवून घ्यायची सोय नाही. माझा नवरा या बँडमध्ये ट्रम्बोन वाजवतो. तालमीला नेहमी हजर आणि हात मोकळे असलेली मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न: माईक ठेवायचा कुठे? शाळेत समूहगान बसवताना खणखणीत आवाजाची मुलं मागे उभी करायचे, तेच तत्त्व इथेही असतं. सॅक्सोफोन पुढे, ट्रम्बोन मध्ये, ट्रम्पेट सर्वांत मागे. ट्रम्पेटचा आवाज तोंडातून सरळ समोर येतो. सॅक्सोफोनचा मात्र त्याच्या उघड्या भोकांतूनही चहूकडे पसरतो. माईक पहिल्या रांगेजवळ ठेवला तर सॅक्सोफोनच ऐकू येतात आणि फार लांब नेला तर सभागृहाचा घुमाराच जास्त येतो. म्हणून रेकॉर्डर संचालकांच्या किंचित मागे, सुमारे तीन मीटर उंचीवर लावला. उंचीमुळे पुढच्या आणि मागच्या रांगेच्या अंतरातला फरक कमी होतो. उरलेल्या दोन माईकपैकी एक डबल बासला दिला, कारण या गर्दीत सगळ्यात आधी तोच हरवतो. दुसरा पियानोला.

दुसरा प्रश्न पातळीचा. ढोल-ताशा पथकाशेजारी उभं राहून मोबाईलवर घेतलेला आवाज कसा फाटतो, हे आपल्याला गणपतीत कळतंच. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबलच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि नंतर नीट जोडता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र वाढवता येतो. म्हणून तालमीत त्यांना सगळ्यात जोरकस भाग वाजवायला लावला आणि काटा उणे बाराच्या आसपास थांबेल अशी पातळी ठरवली. आपोआप पातळी बदलणारी सोय बंद ठेवली. नाहीतर हळुवार जागा उगाच मोठ्या होतात आणि मोठ्या जागा दबतात.

एवढं करूनही तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ट्रम्पेटखाली सगळे दबलेले! उंचावरच्या दोन माईकमध्ये सतराही वाद्यं एकत्र येतात, त्यातून ट्रम्पेट वेगळे काढून कमी करता येत नाहीत. मग ते रेकॉर्डिंग सगळ्या बँडलाच ऐकवलं. कोणी कोणाला काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात ट्रम्पेटवाल्यांनी आपणहून वाद्यांची तोंडं थोडी खाली झुकवली, ड्रमरने हात आवरता घेतला आणि प्रथमच ट्रम्बोनची मधली पट्टी ऐकू आली. माईक कमी असले की आवाजाचा समतोल वाजवणाऱ्यांनाच साधावा लागतो, आणि त्यासाठी शेजाऱ्याचं ऐकावं लागतं.

अशा तुटपुंज्या साधनांना मोठा वारसा आहे. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या फार्गो गावी ड्यूक एलिंग्टन यांचा बँड नाचाच्या कार्यक्रमात वाजवत होता. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुणांनी तबकड्या कोरणारं, उचलून नेता येणारं यंत्र तिथे नेलं आणि हौसेखातर ती रात्र टिपली. पुढे त्या रेकॉर्डिंगला १९८०च्या ग्रॅमी सोहळ्यात पुरस्कार मिळाला.

आमच्या कार्यक्रमाच्या रात्री पंखे बंद केले, बॅटऱ्या नव्या घातल्या, हेडफोन लावून बसले. नंतर घरी आवाज जुळवताना एक गंमत कळली. बासचा माईक वाद्याला चिकटून आणि रेकॉर्डर त्यापासून पाच मीटरवर; हवेतून तेवढं अंतर कापायला आवाजाला सुमारे पंधरा मिलिसेकंद लागतात. बास तेवढाच मागे सरकवला आणि तो बँडमध्ये येऊन बसला.

रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची करकरते, एक खोकलाही आहे. प्रत्येक रचनेआधी संचालकांचा ‘वन, टू’ हलक्या आवाजात ऐकू येतो. तो कापावा का, असं मी विचारलं. सतराही जण ‘नाही’ म्हणाले.

आपल्या मंडळातही पेटी-तबल्याच्या मैफली होतात, आजी-आजोबा पदं म्हणतात. पुढच्या वेळी कोणीतरी एक रेकॉर्डर उंचावर लावा, पातळी आधी तपासा आणि तालमीचं रेकॉर्डिंग गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जरूर ऐकवा.