पुढच्या दाराने

२४ जून १९७३, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या समलिंगींच्या बारला आग लावली गेली. ३२ जण गेले. त्यांतले बरेच जण मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचे होते. समलिंगींना सामावून घेणारं हे चर्च ट्रॉय पेरी यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात आपल्या घरी सुरू केलं होतं. स्थानिक पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून गेले. त्यांचे सहायक मिच मिचेल सुखरूप बाहेर पडले होते. जोडीदार आतच राहिला म्हणून ते परत फिरले. दोघंही वाचले नाहीत.

पुढचं वाचताना जीव तुटतो. शहरातल्या अनेक चर्चनी प्रार्थनेला जागा नाकारली. एपिस्कोपल धर्मगुरू विल्यम रिचर्डसन यांनी ती दिली, तर त्यांच्याच बिशपांनी त्यांना सुनावलं, शिव्याशापांची पत्रंही आली. माझ्या मते त्या आठवड्यात येशूची शिकवण पाळली ती त्यांनी.

१ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये स्मरणसभा झाली. बाहेर कॅमेरे होते. चेहरा दिसला तर नोकरी जायची भीती. बाजूच्या दाराने निघून जायची सोय असूनही माणसं पुढच्या दाराने बाहेर पडली.

तिथल्या कॅथलिक आर्चबिशपांनी आपल्या चर्चच्या त्या वेळच्या मौनाबद्दल खेद व्यक्त केला, तो २०१३ साली.