घरचे वायरिंग आणि मोहल्ल्यातला वायरमन

घर बांधताना विटा, सिमेंट आणि फरशी यांचे भाव माणूस चार दुकाने फिरून विचारतो. वायरिंगची पाळी आली की मात्र गवंडी ज्याला घेऊन येईल त्याच्या हाती सगळे सोपवून मोकळा होतो. प्लॅस्टर झाले की भिंतीच्या आत काय घातले ते कोणाला दिसत नाही. ते कळते बोर्ड काळा पडल्यावर, नाही तर फ्रिजला हात लावताच झिणझिण्या आल्यावर. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. दोष कूलरला दिला जातो. त्या घराला धड अर्थिंग होते काय, हे क्वचितच कोणी विचारते.

म्हणून या वेळी या पानावर थोडे वायरिंगविषयी, आणि ते करणाऱ्या माणसाविषयी.

पहिला प्रश्न, माणूस कोण निवडावा? कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर घरातील वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचे असते. १९५६ च्या नियमांत हे होते, २००३ च्या वीज कायद्याखालील नियमांतही ते कायम राहिले. नवे कनेक्शन घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागितला जातो तो याचसाठी. आता वस्तुस्थिती अशी की, काम एक जण करतो आणि सही-शिक्का दुसऱ्याचा आणला जातो. ज्याने सही केली त्याने घर पाहिलेलेही नसते. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याची सही आहे त्याने निदान एकदा येऊन मांडणी तपासावी, असा आग्रह धरा. पैसे आपण देतो, तेव्हा संकोच कसला?

मोहल्ल्यातला वायरमन म्हणजे कमी दर्जाचा, असे मात्र मुळीच समजू नये. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून, परमिट काढून काम करणारी चांगली मुले आपल्या वस्त्यांत आहेत. रात्री बारा वाजता लाइट गेली तर तोच येतो, दूरचा ठेकेदार येत नाही. त्याला परमिट दाखवायला सांगितले म्हणून खरा कारागीर रागावत नाही. त्याने याआधी केलेली दोन घरे पाहून यावीत. बोर्ड उघडून दाखव म्हणावे. आत वायरींचा गुंता आहे की रंगानुसार नीट जोडणी आहे, हे अडाण्यालाही कळते.

मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते. एक दिवा, एक पंखा, एक प्लग म्हणजे एकेक पॉइंट. पण खोबणी खोदणे, पाइप टाकणे, मेन बोर्ड बसवणे आणि अर्थिंग हे त्यात धरले आहे की वेगळे, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. निम्मी भांडणे इथेच होतात. माल शक्यतो आपण स्वतः पक्क्या बिलावर आणावा. वायरचे बंडल साधारण ९० मीटरचे असते. त्यावर आयएसआय खूण आणि वायरचा आकार छापलेला हवा. दोन बंडलांच्या भावात फारच तफावत दिसली तर स्वस्तातल्या वायरमध्ये तांबे कमी असण्याचा संभव असतो. दिव्या-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगसाठी अडीचची आणि एसीसाठी चारची वायर, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा.

हा हिशेब का, हे एका उदाहरणाने पाहू. गीझर २००० वॅटचा असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टने येते. दोन हजाराला २३० ने भागले की पावणेनऊच्या आसपास अँपिअर येतात. आता तो गीझर सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर लावला तर प्लग वितळणार नाही तर काय होणार?

‘एमसीबी सारखी पडते, काय करावे?’ हा तर घरोघरीचा प्रश्न. यावर काही कारागीर १६ ची काढून ३२ ची बसवून देतात आणि तक्रार मिटते. आमच्या मते हा उपाय नव्हे, घात आहे. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर आता एमसीबी पडणार नाही, वायर जळेल. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणाऱ्यांचाच हा नवा अवतार होय. भार कुठे वाढला ते शोधून त्याची लाइन वेगळी काढणे, हाच खरा इलाज.

एमसीबी असली की शॉक लागत नाही, हा गैरसमजही काढून टाकावा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखते. माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह तिच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी बसवावी लागते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडताच ती वीज तोडते. तिच्यावर ‘टेस्ट’चे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती अर्थिंगमध्ये, कारण ते जमिनीत पुरलेले असते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब का असते? जाड अशासाठी की ती दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की प्लग लावताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. एवढा विचार करून बनवलेली ती पिन अनेक घरांत कशालाच जोडलेली नसते. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी प्लगच्या आतच ती न्यूट्रलला जोडून देतात. टेस्ट दिवा लावला की पेटतो आणि घरमालक समाधानी होतो. पण कधी मागे न्यूट्रल तुटली की फेजची वीज थेट फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येते. तेव्हा बोर्ड उघडवून हिरवी वायर कुठे जाते ते मेन बोर्डापर्यंत आणि तिथून खड्ड्यापर्यंत दाखवायला लावा. पाण्याच्या पाइपला अर्थ बांधून देणाऱ्याला तर सरळ नकार द्यावा.

भाड्याच्या जुन्या घरांत हे सर्व भाडेकरूच्या हाती नसते, हे आम्ही जाणतो. तिथे निदान मालकाशी बोलून आरसीसीबी आणि अर्थिंग एवढे तरी करून घ्यावे, खर्च वाटून घ्यावा लागला तरी चालेल. ते होईपर्यंत कूलरमध्ये पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागवू नये, प्लगच काढावा. स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बटण बंद असतानाही आत वीज असते.

नवे घर बांधणाऱ्यांनी एक करावे. प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. उद्या फळीसाठी खिळा ठोकताना किंवा दुसरा वायरमन बोलावताना पाइप कुठून गेला आहे हे त्यावरून सांगता येते. कारागिराची राहिलेली मजुरी मात्र, सर्व पॉइंट तपासून झाले की त्याच दिवशी द्यावी. उधारीवर ठेवलेला वायरमन पुढच्या वेळी रात्री बारा वाजता येत नाही.