टेम्पररी अनफिट

माझी भाची शिकागोजवळ राहते, एका विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. 2025च्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. ‘मावशी, आमचं नोटॅम परत पुरुषांचं झालं.’

नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. अमुक धावपट्टी बंद, तमुक ठिकाणी क्रेन उभी, दिवे गेलेले, असलं सगळं त्यात असतं. त्यातला ‘एम’ मूळचा एअरमेनचा. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, 2021च्या डिसेंबरात तो बदलून ‘एअर मिशन्स’ केला आणि 2025च्या फेब्रुवारीत पुन्हा ‘एअरमेन’वर आणून ठेवला. अक्षरं तीच, उच्चार तोच. खरं सांगायचं तर ‘मिशन्स’ हा शब्द मला पहिल्यापासून ओढूनताणून आणलेला वाटत होता, मी हसलेही होते. तो परत घेतला म्हणून झोप उडण्याचं कारण नव्हतं.

ती उडाली त्याच्या आधीच्या पंधरवड्यातल्या प्रकाराने. 29 जानेवारीला वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची हवेत टक्कर झाली. 67 माणसं गेली. नदीतून अवशेष काढणं चालू असतानाच समाजमाध्यमांवर एक नाव फिरायला लागलं, जो एलिस. व्हर्जिनिया नॅशनल गार्डमधली ब्लॅक हॉकची वैमानिक, ट्रान्स स्त्री. तीच ते हेलिकॉप्टर चालवत होती म्हणे. तिचा त्या उड्डाणाशी सुतराम संबंध नव्हता. आपण जिवंत आहोत हे सांगायला तिला स्वतःचा व्हिडिओ टाकावा लागला. माझी सगळी नोकरी विमानात आणि विमानाच्या आसपास गेली. अपघातानंतर वैमानिकाचं वय, झोप, उड्डाणाचे तास काढतात हे ठाऊक होतं. आता हेही काढतात.

मी 2021मध्ये निवृत्त झाले. आधी बावीस वर्षं केबिनमध्ये, मग बारा वर्षं ट्रेनिंगमध्ये. माझा विषय ग्रूमिंग. म्हणजे लिपस्टिकची छटा, अंबाड्याची जाळी, मोज्यांना गेलेली रेघ. कोण कसं दिसावं हे ठरवण्याचा पगार मी घेतला आहे, तेव्हा पुढचं वाचताना तेही धरून चाला.

जुना इतिहास मी पळवते. 1936मध्ये सरला ठकराल साडी नेसून उडाल्या, मग प्रेम माथूर, मग दुर्बा बॅनर्जी. ते सगळं आठ मार्चच्या फलकावर दरवर्षी लागतं. त्यातलं एकच नाव मला आजही हलवतं, सौदामिनी देशमुख. 1985मध्ये त्यांनी सगळ्या बायकांचा क्रू घेऊन फोकर फ्रेंडशिप कलकत्त्याहून सिल्चरला नेलं. त्या वेळी मी कॉलेजात होते. आमच्या घरी ते कात्रण फ्रिजवर चिकटवलेलं असे. आज भारतात स्त्री वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे आणि आपण ते मिरवतो. मिरवावंच.

मात्र फोकरच्या त्या काळात केबिनमध्ये काय चाललं होतं? वर्तमानपत्रं आम्हाला हवाईसुंदरी म्हणत. हवाईसुंदर कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. पस्तिशीला निवृत्ती, नोकरीच्या चार वर्षांच्या आत लग्न केलं तर घरी, पहिलं बाळ राहिलं तर घरी. हे एअर इंडियाचे नियम नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारिणींनी सर्वोच्च न्यायालयात नेले. 1981मध्ये न्यायालयाने बाळंतपणाची अट उडवली, लग्नाची चार वर्षांची अट मात्र ठेवली. तीच ट्रॉली ढकलणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरी करत. कारण विचारलं तर कुणी ‘बायका नकोत’ म्हणत नसे. तब्येतीचं, सुरक्षेचं, प्रवाशांच्या भावनांचं कारण पुढे केलं जाई.

त्याच वर्षी अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सने कॅरन उलानला काढून टाकलं. व्हिएतनाममध्ये उडालेली, 1968पासून कंपनीत, आठ हजारांहून जास्त तासांचा अनुभव. 1980मध्ये तिने लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. इलिनॉयने तिचा जन्मदाखला बदलून दिला. एफएएने तपासून, स्त्री म्हणून, उड्डाणाला फिट ठरवलं. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि कंपनीने नाही. खालच्या कोर्टात ती जिंकली. 1984मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. तिला बाई म्हणून नव्हे, ट्रान्स म्हणून काढलं आणि कायद्यात त्याला बंदी नाही, असा त्याचा आशय. हे तर्कट पुढे छत्तीस वर्षं इतरांच्या खटल्यांत वापरलं गेलं. 2020मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं, तोवर कॅरन हयात नव्हती. 1989मध्ये एका डीसी-3च्या अपघातात ती गेली. उडतानाच गेली. मला हे नाव भाचीने सांगितलं, तेही मी निवृत्त झाल्यावर. चौतीस वर्षांत एकाही ट्रेनिंगमध्ये कुणी ते काढलं नव्हतं.

आता माझ्या दशकाकडे येते.

2013चा पावसाळा. माझ्या बॅचमध्ये सोलापूरकडचा एक मुलगा होता. आपत्कालीन सरावात त्याचा आवाज असा लागे की ‘कम धिस वे, लीव्ह एव्हरीथिंग’ ऐकून खिडकीतली कबुतरं उडत. नव्वद सेकंदांत विमान रिकामं करायचं असतं, त्यात तो बॅचमध्ये पहिला. त्याच्या डोळ्यांत पुसट काजळ असे आणि नखांना बिनरंगी पॉलिश. पहिल्या आठवड्यात मी ते पुसायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात ते परत आलं. मी वर्गासमोर विचारलं, हे काय? तो अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मॅम, तुमच्याही डोळ्यांत आहे.’ वर्ग हसला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, वागणूक युनिफॉर्मला शोभणारी नाही. सोमवारी तो आला नाही. माझ्या वरिष्ठांनी चहा पिताना माझं कौतुक केलं, ‘वेळेवर उपटलंत.’ ते गृहस्थ पुढे विविधता आणि समावेश या विषयावर व्याख्यानं देऊ लागले. मी एकाला बसले होते, पहिल्या रांगेत.

पुढच्या एप्रिलात, 15 एप्रिल 2014ला, सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा निकाल दिला. आपलं लिंग कोणतं हे माणसाने स्वतः सांगावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या फलकावर त्याबद्दल काहीही लागलं नाही. त्याच वर्षी डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, केबिन क्रूच्या वजनाचं परिपत्रक मात्र लागलं. पुरुषांचा बीएमआय 18 ते 25 नॉर्मल, बायकांचा 18 ते 22. हे तीन अंक कुठून कमी झाले, विमानाच्या दरवाज्याला ते कळतात का, हे मी विचारलं नाही. वजनकाट्यापाशी वही घेऊन मीच उभी होते.

2017मध्ये शानवी पोन्नुसामीने एअर इंडियात केबिन क्रूसाठी अर्ज केला. जाहिरात बायकांसाठीची. ती ट्रान्स स्त्री. निवड झाली नाही, ती न्यायालयात गेली आणि 2018मध्ये तिने राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं. आमच्या क्रू बसमध्ये त्यावर विनोद झाले. ते इथे लिहीत नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते एवढं लिहिते.

अॅडम हॅरीची बातमी आली तेव्हा मी घरी बसले होते, 2022च्या जुलैत. केरळचा मुलगा, ट्रान्स पुरुष. खाजगी वैमानिकाचा परवाना त्याने दक्षिण आफ्रिकेत मिळवलेला. केरळ सरकारने व्यावसायिक परवान्यासाठी सुमारे तेवीस लाखांची मदत मंजूर केली, तिरुवनंतपुरमच्या अकादमीत प्रवेश ठरला आणि गाडी मेडिकलपाशी अडकली. जेंडर डिस्फोरिया आणि हॉर्मोन चालू, म्हणून अनफिट. कॅरनच्या गोष्टीचं हे उलटं टोक. तिला डॉक्टर हो म्हणाले होते, याला तेच नाही म्हणाले. मधल्या काळात हा पायलट घरोघरी जेवण पोहोचवत होता. गवगवा झाल्यावर डीजीसीएने ट्रान्स व्यक्तींवर बंदी नसल्याचं सांगितलं आणि ऑगस्टमध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉर्मोन घेणं हे आता अपात्रतेचं कारण नाही. हे मोठं पाऊल होतं आणि मी ते मोठंच म्हणेन.

मराठीत वैमानिक हा शब्द बाई, बुवा, कुणालाही चालतो. पंचाईत क्रियापदाशी होते. ‘वैमानिक आला’ की ‘आली’? अॅडमबद्दल बोलताना माझ्या मैत्रिणी तिथेच अडखळत. मी ‘आला’ म्हणे आणि त्या मला सुधारायला बघत.

ते वर्षच विचित्र होतं. सप्टेंबरात व्हर्जिन अटलांटिकने क्रूला आणि वैमानिकांना लाल किंवा बरगंडी, हवा तो युनिफॉर्म निवडायची मुभा दिली. नोव्हेंबरात त्यांचं ‘रेन बो’ नावाचं विमान इंग्लंडचा फुटबॉल संघ घेऊन कतारला गेलं, तेव्हा त्या उड्डाणापुरती मुभा बंद. ब्रिटिश एअरवेजने पुरुषांनाही मस्कारा आणि नखांचा रंग चालेल म्हटलं. ते वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ काही केलं नाही. त्याच महिन्यात आपल्याकडे एअर इंडियाचे नवे ग्रूमिंग नियम बातमीत आले. बायकांची टिकली अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत, टक्कल पडत असलेल्या पुरुषांनी डोकं गुळगुळीत करावं, पांढरे केस रंगवावेत. तो अर्धा सेंटिमीटर मोजायला कुणीतरी पट्टी घेऊन उभं असणार. मी तिला ओळखते.

आता तक्रार. 2022च्या तत्त्वांत एक अट अशी आहे की गेल्या पाच वर्षांत हॉर्मोन किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांची मानसिक तपासणी करावी. हॉर्मोन नव्याने सुरू केले की किमान तीन महिने अनफिट. तीन महिन्यांबद्दल माझं भांडण नाही. औषध अंगी लागेपर्यंत जमिनीवर बसवणं कुठल्याही गोळीबाबत रास्त आहे. आमच्यात त्याला टीयू म्हणतात, टेम्पररी अनफिट. थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्यावर टीयू होऊन परत आलेले कमांडर मी पाहिले आहेत, त्यांनी मला सुखरूप घरी आणलं. पाळी जाताना दोन वर्षं मी स्वतः हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या, त्या काळात रात्रीच्या फ्लाइटही केल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, सही केली. मन तपासून या असं मला कुणी म्हटलं नाही, त्या कमांडरांनाही नाही.

पायलटच्या मनाची तपासणी करायचीच असेल तर सगळ्यांची करा, मी पहिली टाळी वाजवीन. एकाच गटाची करायची असेल तर तिला मेडिकल म्हणू नका. डीजीसीएच्या त्या कागदावरची पाच वर्षांची ती ओळ खोडायला संसद लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.