गिरणी उभी करताना: भंगारातून नव्हे, कोऱ्या पुठ्ठ्यातून

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. लेआउटवर रूळ टाकले, गाडी धावायला लागली, पण ती जाते कुठे? मालगाडीला माल कोण देणार? म्हणून आजचा भाग एका मोठ्या कारखान्यावर आहे. तयार किट न आणता, अगदी शून्यापासून बांधलेला कारखाना. खाली त्याच भागाचा लेखी मजकूर आहे. आकडे ऐकताना निसटतात, तेव्हा हा जवळ ठेवा.

मी निवडली मुंबईची कापड गिरणी. एक तर तिचं किट मला कुठे मिळालं नाही. परदेशी कारखान्यांची किटं भरपूर आहेत, पण त्यांचा चेहरा आपला वाटत नाही. आणि दुसरं, गिरण्या आता राहिल्यात किती? कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, तिथपासून १९८२ च्या संपापर्यंत सव्वाशे वर्षं हे शहर भोंग्यावर उठायचं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, चिमणी तेवढी उभी आहे. नुसत्या चिमणीवरून खाली काय होतं ते नव्या पोरांना कसं कळणार?

आधी हिशोब

आपण एचओ स्केलमध्ये काम करतो, म्हणजे १:८७. समजा, गिरणीची इमारत १५० मीटर लांब आहे. ८७ ने भागा, १७२ सेंटिमीटर आले. माझ्याकडे रुळामागे जागा ९० सेंटिमीटर. आता?

इथे बहुतेक जण एक चूक करतात. सगळी इमारतच निम्म्याने लहान करतात. मग दारं बुटकी होतात आणि शेजारी वॅगन उभी केली की गिरणी खेळण्यातली वाटते. दार, खिडकी, जिना, मजल्याची उंची यांना हात लावायचा नाही. ही माणसाच्या मापाची असतात आणि डोळा तिथेच फसवणूक पकडतो. कमी करायची ती संख्या. ४० खिडक्यांच्या जागी १२ घ्या. बघणारा मोजत बसत नाही. त्याला फक्त ‘ओळीने खूप खिडक्या’ एवढंच दिसतं.

ज्यांना आपल्या ब्रॉडगेजचा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी: १६७६ मिलिमीटरचा रूळ १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. आपण बाजारात मिळणारा १६.५ चाच वापरतो. ती तडजोड रुळापुरतीच ठेवा, इमारत आणि वॅगन १:८७ च.

फोटोवरून माप

नकाशे मिळाले नाहीत तरी अडत नाही. जुन्या फोटोत दारात उभा असलेला माणूस शोधा. तो साडेपाच फूट धरा आणि त्यावरून दार, दारावरून मजला, मजल्यावरून इमारत. गिरणीची इमारत म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा: दोन खांब, मध्ये खिडकी. तो एक तुकडा नीट काढला की निम्मं काम झालं. माझा तुकडा ४० मिलिमीटरचा आहे, म्हणजे प्रत्यक्षात साधारण साडेतीन मीटर. असे १२ तुकडे, ४८ सेंटिमीटर. ही झाली सूतकताईची चार मजली इमारत. ती मी पूर्ण बांधलीच नाही. मागच्या पडद्याला टेकवून फक्त ४ सेंटिमीटर खोल. पुढून कुणालाही कळत नाही.

आणि खरं सामान कापण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याची कच्ची गिरणी करा. चिकटपट्टीने जोडा, आठवडाभर लेआउटवर ठेवा. सगळ्यात लांब वॅगन वळणावर भिंतीला घासते का, घसरली तर हात आत जातो का, हे तेव्हाच बघा. मालधक्क्याची उंचीसुद्धा वॅगन शेजारी उभी करून, दाराच्या तळाशी जुळवून घ्या.

सामान

भिंतींना २ मिलिमीटर माउंट बोर्ड, कोपऱ्यांना आतून लाकडी पट्ट्या, आणि दर १० सेंटिमीटरला आत एक आडवी भिंत. ही आतली भिंत कंटाळा करून सोडू नका. लांब पुठ्ठा आज सरळ दिसतो, जुलैत धनुष्य होतो. आपली हवा दमट. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना आधी चपड्याचा हात द्या आणि रंगही दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला रंग दिला की ती बाजू वाळताना पुठ्ठा ओढून घेते.

खिडक्यांना ओएचपी शीट. मागून टोकदार सुईने रेघा ओढायच्या, रेघांत पांढरा रंग चोळायचा, वरचा पुसून टाकायचा. पत्र्यांसाठी ६ एमएमचा आटेवाला रॉड घ्या. त्याचे आटे १ मिलिमीटरवर असतात आणि खऱ्या पत्र्याची नळी आपल्या स्केलमध्ये ०.९ च्या आसपास येते. ॲल्युमिनियम फॉइल रॉडभोवती गुंडाळा, नखाने दाबा, उलगडा. झाला पत्रा.

चिमणीला सरळ पीव्हीसी पाइप लावू नका. खरी चिमणी वर निमुळती होत जाते. माझी उंची ३५० मिलिमीटर, खाली व्यास ४०, वर २४. कार्डशीटवर दोरीने दोन कंस काढायचे. बाहेरच्या कंसाची त्रिज्या: ३५० गुणिले ४०, भागिले ४० आणि २४ मधला फरक, म्हणजे ८७५. आतली त्यातून ३५० वजा, ५२५. बाहेरचा कंस १२६ मिलिमीटर लांब, शिवाय चिकटवायला ५ जादा. गुंडाळा, आत दोन-तीन गोल चकत्या घाला.

आणि आता माझी चूक

विणकामाची शेड असते बैठी, करवतीच्या दातांसारख्या छपराची. प्रत्येक दाताची एक बाजू काचेची, दुसरी पत्र्याची. मी काचा बघणाऱ्याकडे केल्या, कारण छान चमकत होत्या. आतून दिवे लावले. खूश होतो.

मग आमच्या ओळखीचे एक आजोबा घरी आले. पंचवीस वर्षं साचाखात्यात काढलेले. चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “चांगलं केलंयस रे. पण तुझी चर्चगेटची बाजू कुठली?” मी म्हटलं, डावीकडे. “म्हणजे विरार उजवीकडे. मग या काचा पूर्वेला तोंड करून का बसल्यात? पहिल्या पाळीला साच्यावर ऊन आलं असतं, तर तुटलेला धागा दिसला असता का आम्हाला?”

मी गप्प. खरंच की. ते छप्पर दिसायला तसं नसतंच, कामासाठी तसं असतं. काच उत्तरेला असते, म्हणजे उजेड दिवसभर एकसारखा येतो आणि थेट ऊन जवळजवळ येत नाही. मुंबईत उन्हाळ्यातले काही आठवडे सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, तेवढा अपवाद. ऊन आलं की डोळे दिपतात, सूत वाळतं आणि वाळलेलं सूत तुटतं. धागा तुटला की साचा थांबला, आणि साचा थांबला की पगार कापला.

छप्पर उपटलं. काचा उजवीकडे केल्या. ६५ मिलिमीटरचे सहा दात, ३९ सेंटिमीटर. आणि गंमत बघा: आधी पुढून एक काचेची पट्टी तेवढी दिसायची. आता करवतीची अख्खी रेघ दिसते. लांबून बघणारा म्हणतो, “अरे, गिरणी!” जे खरं होतं तेच दिसायलाही चांगलं निघालं.

म्हणून शेवटचा सल्ला. रंगाचे डाग, काजळी, पन्हाळीखालचं शेवाळ, हे सगळं करा, मजा येते. पण त्याआधी इमारतीला विचारा की तू अशी का आहेस. आणि तिथे काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर रंग देण्याआधी त्यांना चहाला बोलवा. मी रंग दिल्यावर बोलावलं.

आजोबा जाताना आणखी एक विचारून गेलेत: “भोंगा कुठाय?” त्याचं सर्किट पुढच्या भागात. तोपर्यंत, भेटूया.