वसतिगृहाची परसबाग आणि माझी प्रार्थना



गेल्या पावसाळ्यात एका मंडळीत आपल्या कामाची माहिती देण्यासाठी गेले होते. उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, आम्ही दान देतो ते सुवार्तेसाठी. तुम्ही तर आंब्याची कलमे लावता. हे कसे?" त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता. मला मात्र त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. आता देण्याचा प्रयत्न करते, पण त्यासाठी थोडे माझ्याविषयी सांगावे लागेल.

2021 च्या एप्रिलमध्ये माझे यजमान करोनाने प्रभूघरी गेले. मंडळीने तीन दिवस साखळी प्रार्थना चालविली होती. मीही त्यात होते. त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. मंदिरात जात होते, गीतेही म्हणत होते, पण एकटी असताना गुडघे टेकले की तोंडून शब्द निघत नसे. शाळेतून निवृत्त झालेच होते. पुढच्या वर्षी जून महिन्यात जव्हार तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहात मदतीला आले. शिकविण्यास दुसऱ्या बाई होत्या, म्हणून माझ्याकडे परसबाग आली. मला बागेतले काही येत नव्हते.

बागेत एक वारली आजी कामाला येत. त्या ख्रिस्ती नाहीत. पावसाळ्यातील पहिली रानभाजी देवाला दाखविल्याशिवाय त्या तोंडात घालीत नाहीत. अनुवादात पहिल्या उपजाची टोपली परमेश्वरापुढे ठेवण्याविषयी सांगितले आहे, ते मी मुलींना अनेकदा शिकविले होते. पण प्रत्यक्ष पाळताना मी प्रथम पाहिले ते या आजींना. शेवळ्याची भाजी काकडाची फळे घालून शिजवावी, नाहीतर घसा खाजतो, हेही त्यांनीच शिकविले.

मी कारल्याचे बी लावले आणि चौथ्या दिवशी उकरून पाहिले. सहाव्या दिवशी पुन्हा पाहिले. आजींनी ते पाहिले आणि त्यांच्या बोलीत काही म्हणाल्या. त्याचा अर्थ असा, की बाय, झोपलेल्या पोरीला हलवून "झोपलीस का" म्हणून कोणी विचारते का? बी पाणी पिऊन फुगते आणि प्रथम मूळ खाली सोडते. वर काही दिसण्याच्या आधी हे काम झालेले असते, आणि उकरणारा नेमके तेच मूळ मोडतो. कारल्याचे टरफल जाड, त्यामुळे त्याला आणखी वेळ लागतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेला माणूस बी टाकून रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. हा दाखला मी वर्गात किती वेळा सांगितला असेल! त्यात त्या माणसाची झोप हाही विश्वासच आहे, हे मला कारल्याने दाखविले.

बागेतली प्रत्येक गोष्ट अशी दाखल्यासारखी लागू पडते असे मात्र नाही. उन्हाळ्यात इकडे राब भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवितात. तणाचे बी जळते, राख मिसळते आणि पाऊस पडला की त्याच जागी नाचणीची व भाताची रोपे जोमाने उगवतात. कोणीतरी मला म्हणाले, देवाने तुमचे असेच केले आहे. मी ते माझ्या दुःखाला लावून पाहिले. ते बसले नाही. माझे यजमान म्हणजे तण नव्हते.

आता कलमांविषयी. 2022 च्या जुलैत आम्ही केसर आंब्याची चोवीस कलमे लावली. कलम म्हणजे खाली रायवळ आंब्याचा खुंट आणि वर चांगल्या जातीची काडी, दोन्ही सांध्याशी एकजीव झालेली. इकडे पाऊस भरपूर, पण तो गेला की उतारावरचे पाणीही जाते. म्हणून प्रत्येक कलमाशेजारी मातीचे मडके पुरून ते भरून ठेवतो. पाणी हळूहळू पाझरत मुळांना मिळते. तरी मार्चपर्यंत सात कलमे वाळली. कुंपणाजवळचे एक कलम मी यजमानांच्या आठवणीने लावले होते, त्याचीही पाने गळली.

एप्रिलमध्ये, त्यांच्या स्मृतिदिनाच्या आठवड्यात, त्या झाडाला तांबूस कोवळी पाने फुटली. मी तिथेच खाली बसले आणि दोन वर्षांत प्रथमच प्रार्थना केली. संध्याकाळच्या उपासनेत मुलींना साक्षही दिली, की देवाने मला खूण दिली आहे.

पुढच्या आठवड्यात आजींचा मुलगा आला. त्याने वाकून बुंधा पाहिला आणि म्हणाला, "मावशी, हे सांध्याच्या खालून आले. काडी मेली. हा रायवळ हाय."

त्या रात्री मला झोप आली नाही. काडी मेली याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक लाज वाटली. ज्याला मी देवाची खूण म्हटले तो खुंटाचा फुटवा होता. असे फुटवे वेळीच काढले नाहीत तर सगळा रस ते घेतात आणि जिवंत काडीही मरते. म्हणजे माझ्याच डोळ्यांदेखत, मी आभार मानीत असताना, झाड हातचे गेले होते. मग प्रार्थनेचे काय? तीही खोटी का? पहाटे इतकेच कळले, की मी पुन्हा देवाशीच बोलत होते, आणि तक्रार करीत होते. खूण चुकली होती, पण तोंड उघडले होते ते मिटले नाही.

झाड उपटायचे ठरले होते. आजींचा मुलगा म्हणाला, मुळे चांगली आहेत, एक सरळ फुटवा ठेवा, बाकीचे काढा, पावसाळ्यात जागेवरच नवी काडी बांधू. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील माळी निष्फळ अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो आणि भोवती खणून खत घालण्याची हमी देतो, ते मला आठवले. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवी काडी बांधली. ती धरली.

श्रीरामपूरच्या विल्यम केरींविषयी येथे सांगावेसे वाटते. 1811 मध्ये मराठीत नवा करार छापणारे केरी मोठे बागवानही होते. 1820 मध्ये त्यांनी भारतात कृषी व उद्यान संस्था स्थापन केली. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी सावलीतल्या मातीवर झटकली, आणि काही दिवसांनी तेथे विलायती डेझीचे रोप उगवलेले पाहून त्यांना अपार आनंद झाला. 1823 मध्ये दामोदर नदीच्या पुराने त्यांची बाग उद्ध्वस्त केली. त्याच सुमारास पाय दुखावून ते अंथरुणाला खिळले होते. साठी पार केलेल्या या माणसाने बाग पुन्हा लावली. भाषांतराचे काम आणि बाग यांपैकी सुवार्ता कोणती, हा प्रश्न त्यांना पडला असेल असे वाटत नाही.

तर त्या वडीलधाऱ्या बंधूंना माझे उत्तर असे. दिवाळीनंतर आमच्या मुलींचे आईवडील वीटभट्टीवर जातात आणि पुष्कळदा मुलींनाही न्यावे लागते. बांधावर दहा आंबे, थोडे काजू असले तर लगेच हे थांबत नाही, पण काही वर्षांनी घरात एक उत्पन्न येऊ लागते, आणि झाडांना पाणी घालायला कोणीतरी गावात राहते. कलमे देताना प्रार्थनेला येता का, असे आम्ही विचारीत नाही. पाऊस पडताना तसे विचारल्याचे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तरी आढळत नाही.

येत्या जुलैत आणखी सहा कुटुंबांना कलमे द्यायची आहेत. आपल्याकडे न वापरली जाणारी मातीची मडकी असतील तर ठेवून द्यावी, आमची गाडी आली की घेऊन जाऊ. तडा गेलेली नकोत. पाणी एका रात्रीत जाते.

कुंपणाजवळच्या झाडाला यंदा पहिला मोहोर आला. पहिली तीन-चार वर्षे मोहोर ठेवायचा नसतो, झाडाची ताकद मुळांत व फांद्यांत जावी म्हणून तो खुडावा लागतो. मुली खुडायला तयार नव्हत्या, शेवटी मीच खुडला. अकरा तुरे होते.