प्रश्न गठ्ठ्याला की बिलाला?

सकाळी ९.२०. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं आमचं अ‍ॅप रेल्सवर चालतं. थकबाकीची यादी रोज पहाटे ५ वाजता सेक्रेटरींना ईमेलने जाते. कोथरूडहून एका सेक्रेटरीकाकांचा फोन आला : "काल मुदत संपलेली बिलं यादीत नाहीत, पण बिल उघडलं की वर लाल अक्षरांत 'थकीत' दिसतंय." मी यादी काढून पाहिली, तर सगळी बिलं जागच्या जागी.

१०.१५. स्टँडअप उरकतोय तोच नवा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "ताई, मेथड लिहिलीय, तरी 'अनडिफाइन्ड मेथड' म्हणतंय." त्याने 'डेफ सेल्फ.लेट_फी' लिहिलं होतं आणि हाक मारत होता एका बिलाला. नावाआधी सेल्फ लावलं की मेथड क्लासची होते. ती बिल या मॉडेलला विचारायची, सुट्या बिलाला नाही. मी त्याला दोन प्रश्न कागदावर लिहायला लावले. 'थकलेली बिलं कोणती?' हा प्रश्न गठ्ठ्याला. 'हे बिल थकलंय का?' हा हातातल्या एका कागदाला. लेट फी कुणाची? एका बिलाची. त्याने सेल्फ खोडलं आणि काम झालं. हे दोन प्रश्न मी प्रत्येक नव्या माणसाला लिहायला लावते, कारण मेथडचं नाव सुचण्याआधी ती कुणाला विचारायची ते ठरायला हवं.

११.३०. तक्रारीकडे वळले. मॉडेलमध्ये वर क्लास मेथड 'ओव्हरड्यू', तीनशे ओळी खाली इन्स्टन्स मेथड 'ओव्हरड्यू?'. नियम एकच : मुदत आजच्या आधीची आणि रक्कम बाकी. पण वरची 'आज' विचारते डेट.टुडेला, खालची डेट.करंटला. पहिली सर्व्हरचं घड्याळ बघते आणि आमचा सर्व्हर यूटीसीवर आहे. दुसरी रेल्सच्या कॉन्फिगमधला टाइमझोन बघते, तो भारताचा. फरक साडेपाच तासांचा. आपल्याकडे पहाटेचे ५ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे ११.३० असतात, म्हणून यादी कालच्या तारखेने निघते. साडेपाचला दोघींची तारीख जुळते. ९.२० ला मला काही सापडणार नव्हतंच.

१.३०. डबा.

२.१५. दुरुस्ती. सोपे वाटणारे दोन रस्ते होते. प्रत्येक बिलाने क्लासच्या यादीत स्वतःला शोधायचं, म्हणजे दोनशे बिलांच्या पानाला दोनशे क्वेरी. नाहीतर सगळी बिलं मेमरीत आणून एकेकाला 'ओव्हरड्यू?' विचारायचं, म्हणजे डेटाबेसचं काम रुबीच्या गळ्यात. दोन्ही सोडले. 'कटऑफ' ही छोटी क्लास मेथड काढली, तीत डेट.करंट. यादी तिलाच विचारते आणि बिलही सेल्फ.क्लास.कटऑफ म्हणून तिलाच विचारतं. मशीन यूटीसीवर ठेवून, घड्याळ पहाटे ५ वर नेऊन टेस्ट लिहिली.

४.४०. रिव्ह्यूत त्या मुलाने विचारलं, "एकाच सोसायटीच्या यादीसाठी वेगळी मेथड?" नको. सोसायटी.बिल्स.ओव्हरड्यू लिहिलं की तीच क्लास मेथड फक्त त्या सोसायटीच्या बिलांपुरती चालते. रेल्समधली ही सोय मला फार आवडते.

६.१०. डिप्लॉय. काकांना फोन केला : "उद्याची यादी बघा."

पहाटे ५.०५. यादीची प्रत मोबाइलवर आली. काल मुदत संपलेली चौदा बिलं पहिल्याच पानावर.