इंग्रजी वसीयतनाम्यांत सापडणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या

जुहूच्या कब्रस्तानात कबर कायमची राहत नाही. २०१० साली मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी यांच्या कबरींच्या खुणाही तिथून हटल्या. मुंबईत दफनाला जागा कमी पडते, आणि जुन्या कबरीच्या जागी काही वर्षांनी दुसरी मय्यत येते. मय्यत मातीत मिळून गेल्यावर तीच जागा पुन्हा वापरायला उलमांनी परवानगी दिलेली आहे, तेव्हा तक्रारीचे कारण नाही. पण घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याची पंचाईत होते. दगडावर कोरलेले नाव आणि साल उतरवून घ्यावे, अशी सोय आपल्याकडे नाही. पणजीचे नाव विचारावे तर घरातून ‘अमक्याची आई’ एवढेच उत्तर येते.

मग कागदाकडे वळावे लागते. मुंबईत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोर्टात गेलेला कागद बहुधा इंग्रजीत असतो. मूळ वसीयतनामा उर्दूत किंवा गुजरातीत लिहिलेला असला, तरी त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडलेले असते. हे कागद मिळवता येतात, हेच आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

वसीयत हा आपल्याला परका विषय नाही. कुरआनात वारसांचे हिस्से सांगताना वसीयत आणि कर्ज आधी फेडण्याची अट घातलेली आहे. वसीयत करण्याजोगे काही ज्याच्याजवळ आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, अशी हदीसही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. फक्त मर्यादा आहे: वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतीच, आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती हवी. ही मर्यादा लक्षात ठेवूनच जुना वसीयतनामा वाचायचा असतो. त्यात मुलींची नावे नसली, तर बापाने मुलींना डावलले असे लगेच समजू नये. त्यांचा हिस्सा शरीयतीने ठरलेलाच होता, तो लिहायची त्याला गरज वाटली नसेल.

कोर्टात काय सापडते?

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. त्याआधी मेयर्स कोर्ट, रेकॉर्डर्स कोर्ट आणि सुप्रीम कोर्ट अशी क्रमाक्रमाने न्यायालये होती. वसीयत सिद्ध करून घेण्याला प्रोबेट म्हणतात. मुंबईत इतर अनेकांना प्रोबेटशिवाय मृत्युपत्रावर हक्क सांगता येत नसे. मुसलमानांच्या वसीयतीला मात्र १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातले ते बंधन कधीच लागू नव्हते. त्यामुळे आपल्या लोकांचे वसीयतनामे कोर्टात तुलनेने कमी सापडतात. सापडला नाही म्हणजे केलाच नव्हता, असे नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू शोधणाऱ्याच्या फायद्याची आहे. मयताचे कोणाकडून येणे असेल, बँकेत रक्कम असेल, तर ते वसूल करायला मुसलमान वारसांनाही कोर्टाचा कागद लागे. १८८९च्या कायद्याने यासाठी वारस प्रमाणपत्र आले, आणि पुढे तीच तरतूद १९२५च्या कायद्यात गेली. या प्रमाणपत्रासाठी जो अर्ज करावा लागतो, त्यात मृत्यूची तारीख, मयताचे राहण्याचे ठिकाण, जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावे लागतात. विधवा, मुलगे, मुली, कधी आई, कधी बहीण. घरात ज्या बायांची नावे कोणी घेत नाही, त्यांची नावे इथे ओळीने लिहिलेली असतात. आमच्या मते घराण्याच्या इतिहासासाठी वसीयतनाम्याहून हा अर्ज जास्त मोलाचा आहे. म्हणून नक्कल मागताना केवळ वसीयतनाम्याची न मागता सगळ्या फाइलची मागावी.

तिसरी जागा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या वसीयती पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. वसीयत करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. नाते सिद्ध करा, असे कायदा म्हणत नाही.

जुहूकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुहू १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होते. १ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि हा भाग बृहन्मुंबईत आला तो १९५० साली. तेव्हा १९१०च्या सुमारास जुहूत वारलेल्या माणसाचा कागद नुसता फोर्टात शोधून भागत नाही, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि तिथली नोंदणी कचेरीही पाहावी लागते. उच्च न्यायालयाचा अधिकार साऱ्या इलाख्यावर असल्यामुळे पैसेवाले लोक थेट तिकडेही जात, म्हणून दोन्हीकडे पाहणे बरे. जायच्या आधी मृत्यूचे साल शक्य तितके पक्के करावे: मृत्यूचा दाखला, कब्रस्तानाची दफन नोंदवही, गावाकडच्या सातबाऱ्यावरचा वारसाचा फेरफार. साल ठाऊक नसेल तर कारकुनाला दहा वर्षांच्या नोंदवह्या चाळायला लावाव्या लागतात, आणि तो चाळत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. इंग्रजी लिहिणाऱ्याने मोहम्मद हे एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलेले असते, आणि परकार, मुकादम, काझी ही आडनावे सोडून माणसाला त्याच्या पहिल्या नावाखाली नोंदवलेले असते. बायकांच्या नावामागे बाई किंवा बी कधी जोडून, कधी तोडून. शोध घेताना आडनावाचा हट्ट धरू नये.

इंग्रज कायद्याची भाषा

कागद हाती आल्यावर खरी काळजी घ्यावी लागते ती शब्दांची. इंग्रज कायदा जे नाते मानत होता, तेवढेच इंग्रज कागद लिहितो.

याचे ठळक उदाहरण हैदराबादचे आहे. तिथला ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अ‍ॅकिलिस कर्कपॅट्रिक आणि हैदराबादच्या खानदानी घराण्यातली खैरुन्निसा यांचा निकाह मुस्लिम पद्धतीने झाला होता. दोघांना मुलगा आणि मुलगी झाली. १८०५ साली मुलांना विलायतेला धाडले आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. त्याच्या इंग्रजी मृत्युपत्रात खैरुन्निसाचे नाव आहे, तिच्याविषयी आदर आहे, पण बायको म्हणून उल्लेख नाही. ती त्याच्या दोन ‘नॅचरल’ मुलांची आई आहे. इंग्रज कायद्यात नॅचरल म्हणजे लग्नाबाहेरचे मूल. हा शब्द वाचून एखाद्या घराण्यात आज वाद उभा राहील. पण तो शब्द निकाह झाला होता की नाही हे सांगत नाही. इंग्रज कायद्याने तो निकाह मानला नव्हता, एवढेच त्यातून कळते.

मुंबईत हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. १८४७ साली खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतल्या मुली सुप्रीम कोर्टात गेल्या आणि बापाच्या मालमत्तेत कुरआनाप्रमाणे हिस्सा मागितला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी मोठी मानली. त्या रूढीत मुलींना वारसा नव्हता, आणि मुली हरल्या. कच्छी मेमनांना वारसाहक्कात शरीयत सरसकट लागू झाली ती १९३८च्या कायद्याने. मधल्या नव्वद वर्षांतला एखाद्या मेमन शेठचा वसीयतनामा मिळाला आणि त्यात मुलीला दागिने किंवा ठरावीक रक्कम लिहिलेली असली, तर वर सांगितलेला हिशोब तिथे चालत नाही. बापाने लिहून ठेवले तेवढेच त्या मुलीला मिळाले असण्याचा संभव असतो. १९३७च्या शरीयत कायद्यातूनही शेतजमीन वगळलेली होती, हे कोकणात जमीन असलेल्यांनी विसरू नये.

समुद्रापलीकडचे कागद

जुहू, जोगेश्वरी, अंधेरीत राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांची मुळे रायगड-रत्नागिरीत आहेत, आणि त्या गावांतली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला गेली. माणूस तिकडे दुकानात, बायको-मुले इकडे गावात, असे संसार वर्षानुवर्षे चालले. तिकडे वारलेल्या माणसाची इस्टेट फाइल होत असे, आणि त्यात डेथ नोटीस नावाचा छापील फॉर्म असे. जन्मस्थान, आई-वडिलांची नावे, वैवाहिक स्थिती, मुलांची नावे, मालमत्ता, सगळे एका कागदावर. या फायली केप टाउनच्या सरकारी पुराभिलेखागारात आहेत. त्यांची सूची इंटरनेटवर पाहता येते आणि फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर काहींची छायाचित्रेही आहेत.

पण दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने मुसलमानांचे निकाह जवळजवळ संपूर्ण विसावे शतक मानले नाहीत. चार मुलांचा बाप फॉर्मवर अविवाहित दिसू शकतो. वसीयत केली नसेल तर त्याच्या विधवेला बायको म्हणून हक्क सांगता येत नसे. तिथल्या घटनापीठाने २००४ साली अशा विधवांना वारस मानले, आणि २०२२ साली निकाहाची दखल न घेणे घटनाबाह्य ठरवले.

विलायतेत वारलेल्यांसाठी सोय सर्वांत सोपी आहे. १२ जानेवारी १८५८ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सगळे प्रोबेट एकाच सरकारी यंत्रणेत आले. तिथे प्रोबेट झालेला वसीयतनामा सार्वजनिक कागद असतो, आणि सरकारी संकेतस्थळावर नाव व मृत्यूचे साल टाकून, फी भरून घरबसल्या प्रत मागवता येते. त्याआधीचे मोठ्या धर्मपीठाच्या कोर्टातले वसीयतनामे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये १३८४ सालापासून आहेत. कंपनीच्या काळात मुंबईत सिद्ध झालेल्या वसीयतींच्या प्रती लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात मुख्यतः गोरे लोक भेटतात, पण त्यांच्या वसीयतींत इथल्या बीबी, आया, खानसामे यांची नावे येतात.

इथल्या असोत की तिकडच्या, पैसे घेऊन वंशावळ शोधून देणाऱ्या एजंटांकडे जाण्याआधी या सूची स्वतः पाहाव्यात. शाळेत इंग्रजी शिकणारी नात हे काम एजंटाहून चांगले करते. आणि नक्कल हाती आली की ती घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला वाचून दाखवावी. कोर्टाच्या कारकुनाने शरीफाबीचे नाव कसे बिघडवले आहे, ते तिलाच ओळखता येते.